रॉयर यांच्यानंतरचं व्हॅनगार्ड: एका ड्रम कोअरने आपला प्रमुख कसा जपला

अमेरिकेतल्या ज्युनियर ड्रम कोअरमध्ये, म्हणजे तरुण मुलांच्या मैदानी वाद्यपथकांत, वयाची अट कडक असते. एकविशी उलटली की पथक सोडावं लागतं. तुम्ही कितीही चांगलं वाजवा, पथकासाठी कितीही राबलेले असा, शेवटचा हंगाम संपला की गणवेश परत करायचा आणि पुढच्या वर्षी प्रेक्षकांत बसायचं. बहुतेक मुलं तीन-चार हंगामच काढतात. त्यामुळे दर पाच-सहा वर्षांनी मैदानावरचं पथक जवळजवळ संपूर्ण नवं असतं. अशा ठिकाणी एखादा लाडका प्रमुख वारला तर त्याची आठवण ठेवायची कोणी? ज्यांनी त्याला पाहिलं ते तर निघून जाणार.

हे प्रकरण सांता क्लारा व्हॅनगार्ड या पथकाचं आणि त्याचे संस्थापक-संचालक गेल रॉयर यांचं आहे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा शहरात 1967 साली हे पथक उभं राहिलं. रॉयर पेशाने संगीतशिक्षक. 1992 च्या हंगामापर्यंत, म्हणजे तब्बल पंचवीस वर्षं, पथकाची सूत्रं त्यांच्याकडे होती. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, त्यांचं निधन झालं. 1999 साली व्हॅनगार्डने कॉन्कर्डच्या ब्लू डेव्हिल्स या पथकाच्या बरोबरीने विजेतेपद मिळवलं, तेव्हा रॉयर यांच्या हाताखाली वाजवलेलं मैदानावर जवळपास कोणी उरलं नसणार. 2018 साली पथकाने इंडियानापोलिसला 98.625 गुणांनी पुन्हा अजिंक्यपद जिंकलं, तेव्हाच्या मुलांपैकी तर रॉयर वारले त्या वेळी एकाचाही जन्म झालेला नव्हता. आणि तरीही व्हॅनगार्डची गोष्ट सांगायला बसलं की ती रॉयर यांच्यापासूनच सुरू होते. हे आपोआप घडत नाही. ते कसं घडलं, त्यातलं काय टिकलं आणि काय टिकायला अवघड गेलं, याचा हा अभ्यास.

रॉयर कोण होते

ज्यांना हे क्षेत्र नवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ड्रम कोअर म्हणजे पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे-रायफली फिरवत नाचणारा ताफा, यांचं मैदानी पथक. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर अकरा-बारा मिनिटांचा कार्यक्रम सादर करायचा, आणि त्या अकरा-बारा मिनिटांसाठी अख्खा उन्हाळा बसमध्ये, शाळांच्या जिम्नॅशियमच्या फरशीवर झोपून आणि उन्हात सराव करून काढायचा. रात्री स्पर्धा, मग बसमध्ये झोप, सकाळी दुसऱ्या गावी पुन्हा सराव. ऑगस्टमध्ये अंतिम स्पर्धा झाली की सगळं संपतं.

1970 च्या सुमारास या पथकांच्या स्पर्धा अमेरिकन लीजन आणि व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांच्या हातात होत्या. नियम त्यांचे, बक्षिसाचे पैसे किती द्यायचे तेही त्यांच्याच मनावर. 1971 मध्ये पाच पथकांनी एकजूट करून आपल्या अटींवर स्पर्धांना जायचं ठरवलं: ट्रूपर्स, ब्लू स्टार्स, मॅडिसन स्काउट्स, कॅव्हेलियर्स आणि व्हॅनगार्ड. त्यातूनच पुढे ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था निघाली आणि 1972 साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. म्हणजे रॉयर हे फक्त एका पथकाचे प्रमुख नव्हते. आज जी स्पर्धा आपण पाहतो ती उभी करणाऱ्या पिढीतले ते होते. त्यांच्या काळात व्हॅनगार्डने 1973, 1974, 1978, 1981 आणि 1989 अशी पाच विजेतेपदं घेतली.

पण मला या यादीपेक्षा 1985 ते 1988 ही चार वर्षं जास्त बोलकी वाटतात. या चारही वर्षी व्हॅनगार्ड दुसरं आलं. ओळीने चार वेळा. जी मुलं 1985 मध्ये आली त्यांतल्या अनेकांनी पथक सोडलं ते विजेतेपद न बघताच. अशा काळात पथक टिकवून ठेवणं हे प्रमुखाचं खरं काम. हरल्यावर सप्टेंबरमध्ये फोन करून मुलांना परत बोलावणं, शिक्षकांना धरून ठेवणं, पालकांना समजावणं. ते काम कुठल्याही ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही. 1989 साली कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियमवर पथक 98.8 गुणांनी जिंकलं, आणि शेवटी अख्खं पथक कापडाखाली दिसेनासं झालं, तो क्षण सगळ्यांना आठवतो. त्यामागची चार वर्षं मात्र सांगावी लागतात.

प्रमुखाचं काम कशात उरतं?

इथे या प्रकरणाची खरी अडचण आहे. ड्रम कोअरमध्ये वेगवेगळ्या माणसांच्या मागे वेगवेगळ्या गोष्टी उरतात. संगीत बसवणारा गेला तर त्याची स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रणं उरतात. तालवाद्यांचा शिक्षक गेला तर त्याने शिकवलेली काठी धरण्याची, हात उचलण्याची पद्धत शिष्यांच्या मनगटात उरते. मैदानावरच्या रचना आखणाऱ्याचे आराखडे उरतात. संचालकाचं काय उरतं? वेळापत्रकं, बसचा मार्ग, कोणाला नेमलं, कोणाला थांबवलं, कुठल्या दिवशी सराव आवरता घेऊन मुलांना झोपायला लावलं. हे सगळं त्या-त्या दिवशी मोलाचं असतं आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाही.

ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या पुरस्कारांकडे पाहिलं तर हे लगेच जाणवतं. सर्वोत्तम पितळी वाद्यांचा पुरस्कार जिम ऑट यांच्या नावाचा, तालवाद्यांचा फ्रेड सॅनफर्ड यांच्या, दृश्य रचनेचा जॉन ब्राझेल यांच्या, कलर गार्डचा जॉर्ज झिंगाली यांच्या आणि एकूण परिणामाचा डॉन अँजेलिका यांच्या नावाचा. गुण देता येतात अशा कामांनाच इथे नावं मिळाली आहेत. ट्रूपर्सचे संस्थापक जिम जोन्स यांचं नाव ड्रम मेजरना, म्हणजे मैदानावर पथकाला ताल देणाऱ्या सदस्यांना, मिळणाऱ्या नेतृत्वाच्या पुरस्काराला आहे. संचालकाचं नाव चालतं ठेवायचं तर असा वेगळा दरवाजा शोधावा लागतो.

या पाच नावांतलं एक नाव थेट रॉयर यांच्या पथकातलं आहे. फ्रेड सॅनफर्ड यांनी 1970 च्या दशकात व्हॅनगार्डची तालवाद्यं घडवली. त्यांच्यानंतर ही जबाबदारी त्यांचेच शिष्य राल्फ हार्डिमन यांच्याकडे आली आणि 1989 च्या विजेत्या पथकाचं तालवाद्यसंगीत हार्डिमन यांचं होतं. गुरूकडून शिष्याकडे काम गेलं आणि पथकाचा कणा मोडला नाही. अशी साखळी संचालकाच्या पाठिंब्याशिवाय उभी राहत नाही. सॅनफर्ड 2000 साली गेले आणि आज कुठलंही पथक तालवाद्यांत पहिलं आलं की त्यांचं नाव उच्चारलं जातं. रॉयर यांची मोठी खूण मला इथे दिसते: माणसं निवडणं, आणि निवडलेल्या माणसांना काम करू देणं. ती खूण दुसऱ्याच्या नावाखाली झाकलेली आहे, इतकंच.

1992: निरोप आधी, मृत्यू नंतर

व्हॅनगार्डच्या प्रकरणात एक गोष्ट फार चांगली झाली. निरोप प्रमुख हयात असतानाच झाला.

1992 हा पथकाचा पंचविसावा वाढदिवस आणि रॉयर यांचा संचालक म्हणून शेवटचा हंगाम. त्या वर्षीच्या कार्यक्रमासाठी ‘फिडलर ऑन द रूफ’ या ब्रॉडवे नाटकाचं संगीत घेतलं. ते पथकाला नवं नव्हतं. 1970 च्या दशकात व्हॅनगार्डने हेच संगीत वाजवलं होतं आणि त्यातला ‘बॉटल डान्स’ पथकाची ओळख बनला होता. मूळ नाटकात लग्नाच्या प्रसंगी पुरुष डोक्यावरच्या टोपीत बाटली तोलून नाचतात. तेच दृश्य मैदानावर आणायचं म्हणजे काय, ते जवळून पाहायला हवं. एका ओळीत नाचणारे, हात एकमेकांच्या हातांत, मान ताठ. सुरुवात अगदी संथ. एक पाय पुढे सरकतो, गुडघा गवताला लागतो, मग दुसरा. पाय कुठे पडतोय हे खाली बघून पाहता येत नाही, कारण बघितलं की बाटली गेली. शेजारच्याच्या हाताचा ताण हीच काय ती खबर. मागे पितळी वाद्यं दबून वाजत असतात आणि प्रत्येक फेरीला थोडी वर चढतात. लय वाढते तसा प्रेक्षकांचा टाळ्यांचा ठेका तिला येऊन मिळतो. ज्याला व्हॅनगार्डबद्दल काही म्हणजे काही माहीत नाही त्यालाही कळतं की हे कोणाच्या तरी जवळचं आहे.

त्या वर्षी मॅडिसनला झालेल्या अंतिम स्पर्धेत विजेतेपद गेलं कॅव्हेलियर्सकडे. त्यांचं ते पहिलंच. व्हॅनगार्ड जिंकलं नाही. मला ते योग्यच वाटतं, कारण निरोपाचा कार्यक्रम गुणांच्या हिशोबात बसवायला गेलं की त्याचा जीव जातो. पथकाने आपल्या पहिल्या दहा वर्षांतलं सगळ्यात लाडकं काम पुन्हा उभं केलं, आणि ज्यांच्या काळात ते जन्मलं ते रॉयर अजून संचालकाच्या जागेवर होते. शोकाचा मोठा भाग असा आधीच, प्रत्यक्ष तोंडावर, करून झाला. नंतर मृत्यू आला तेव्हा दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण ‘सांगायचं राहून गेलं’ ही जी बोच मागे राहते, ती पथकापुरती तरी बरीच हलकी झाली असणार.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवलं की फरक कळतो. स्पिरिट ऑफ अटलांटा या पथकाचे पितळी वाद्यांचे संगीतकार जिम ऑट 1980 मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. तिथे निरोपाला वेळच मिळाला नाही. मुलांच्या हातात त्यांनीच बसवलेलं संगीत होतं आणि तेच वाजवत पुढे जायचं होतं. अशा वेळी वाजवणं हाच शोक असतो, दुसरं काही करायला सवडही नसते. व्हॅनगार्डला सवड मिळाली आणि त्यांनी ती वापरली. प्रमुख पायउतार होणार हे ठाऊक असलेल्या प्रत्येक पथकाने हे लक्षात घ्यावं असं मला मनापासून वाटतं: सत्काराची सभा आणि शाल-श्रीफळछाप भाषणं करण्यापेक्षा त्याच्या हातून घडलेलं एक काम पुन्हा नीट उभं करून त्याला दाखवा.

गाणं, आणि ते कोण गातं

प्रत्येक जुन्या कोअरचं एक पथकगीत असतं. व्हॅनगार्डचं आहे ‘सेंड इन द क्लाउन्स’, स्टीफन सॉन्डहाइम यांनी 1973 च्या एका नाटकासाठी लिहिलेलं. वरवर पाहता ही निवड विचित्र आहे. हे कूच करण्याचं गीत नाही, त्यात शौर्य नाही. आयुष्यात वेळ चुकलेली एक मध्यमवयीन बाई ते गाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांनी ते का वाजवावं? पण कार्यक्रम झाल्यावर अर्धवर्तुळात उभं राहून ते वाजवताना, त्यांतल्या एकविशीच्या मुलांना नेमकं कळत असतं की आपली वेळ संपत आली आहे. हंगामाच्या अखेरीस तर जास्तच. गाणं दरवर्षी कोणा ना कोणाचा निरोप होऊन बसतं.

आणि म्हणूनच ते रॉयर यांच्या आठवणीलाही उपयोगी पडलं. पथकात नव्याने आलेल्या मुलाला रॉयर यांच्याबद्दल काहीच माहीत नसतं, आणि त्याला जबरदस्तीने दुःख करायला सांगणं चुकीचं आहे. न पाहिलेल्या माणसासाठी रडायला लावलं की मुलं एक तर नाटक करतात किंवा चिडतात. पण गाणं शिकायचं म्हटलं की ते कोणी सुरू केलं, कुठल्या मुलांनी वाजवलं, हे सांगावंच लागतं. स्वर शिकता शिकता इतिहास कानावर पडतो. मग त्या मुलाच्या स्वतःच्या शेवटच्या ऑगस्टमध्ये त्याच गाण्याने त्याचे डोळे भरतात. ते अश्रू रॉयर यांच्यासाठी नसतात, स्वतःच्या चार उन्हाळ्यांसाठी असतात, आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. ते चार उन्हाळे ज्या चौकटीत घडले ती कोणी तरी घालून दिली, हे त्याला आता माहीत असतं.

पुरस्काराला दिलेल्या नावाची गोष्ट याहून वेगळी. तिथे नाव वर्षातून एकदा माईकवरून घेतलं जातं. ऐकणाऱ्याने माणसाला पाहिलेलं नसेल आणि त्याच्याबद्दल कोणी सांगितलंही नसेल, तर ते नुसतं नाव राहतं. नाव असावंच, ड्रम कोअर इंटरनॅशनलच्या हॉल ऑफ फेममध्ये रॉयर आहेत आणि ते असायलाच हवेत. पण नावाला जोडून मुलांच्या हातापायांना काही तरी करायला मिळालं नाही तर दहा वर्षांत ते पाटीवरच्या अक्षरांइतकं उरतं.

‘रॉयर असते तर...’

आता या प्रकरणाची अवघड बाजू. लाडका प्रमुख गेल्यावर मागे राहिलेल्यांत दोन गट पडतातच. ज्यांनी त्याला पाहिलं ते, आणि ज्यांना आता पथक चालवायचं आहे ते. पहिल्या गटाचं दुःख खरं असतं. पण ते दुःख हळूहळू मोजपट्टी बनतं. नवा गणवेश आला, नवं संगीत आलं, मैदानावर नाट्यगृहासारखे देखावे आले, की ‘ते असते तर हे चालू दिलं नसतं’ हे वाक्य येतं. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपलं मत घालणं फार सोपं असतं, कारण तो नाही म्हणायला येत नाही.

रॉयर यांच्या बाबतीत तर हे वाक्य त्यांच्याच कामाशी जुळत नाही. त्यांच्या पंचवीस वर्षांत ड्रम कोअर ओळखू येऊ नये इतका बदलला. सुरुवातीला लष्करी शिस्तीच्या सरळ रांगा आणि चुकांसाठी गुण कापणारे परीक्षक होते. शेवटी शेवटी संपूर्ण पथक रंगमंचावरच्या जादूसारखं नाहीसं होत होतं. त्या बदलात व्हॅनगार्ड मागून फरफटत आलं नाही, बऱ्याचदा पुढे होतं. ज्या माणसाने डोक्यावर बाटल्या घेऊन नाचणारी मुलं फुटबॉलच्या मैदानावर येऊ दिली, त्याच्या नावाने नवेपणाला अडवायचं हे मला पटत नाही. 1992 मध्ये रॉयर यांच्या निरोपाला जुनं काम पुन्हा आणलं ते ठीक, कारण तो निरोप होता. तेच दरवर्षी करत बसले असते तर पथक स्वतःचं संग्रहालय झालं असतं. 2018 चा विजेता कार्यक्रम ‘बॅबिलॉन’ हा ना 1974 सारखा होता ना 1989 सारखा, आणि तरी तो व्हॅनगार्डचाच होता.

माजी सदस्यांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांचा हक्क कुठे आहे एवढंच स्पष्ट हवं. गाणं, गोष्टी, नव्या मुलांना घरी जेवायला बोलावणं, हंगामाच्या सुरुवातीच्या शिबिरात एक संध्याकाळ जुन्या दिवसांबद्दल बोलणं, यावर त्यांचा हक्क आहे. मैदानावर काय वाजवायचं यावर नाही.

2023: मैदान रिकामं राहिलं तेव्हा

व्हॅनगार्डच्या आठवणीची खरी कसोटी रॉयर यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी लागली. 1972 पासून अंतिम स्पर्धेतलं स्थान कधीही न चुकवलेलं हे पथक आर्थिक अडचणींमुळे 2023 च्या हंगामात मैदानात उतरलंच नाही. जाहीर झालं तेव्हा अनेकांनी ते एखाद्याच्या मृत्यूसारखं घेतलं, आणि ते समजण्यासारखं आहे. आतापर्यंत पाहिलेली आठवणीची सगळी साधनं, गाणं, शिबिरं, बॉटल डान्सच्या गोष्टी, ही पथक मैदानावर असेल तरच चालतात. एक वर्ष खंड पडला की चार हंगामांच्या साखळीतली एक कडी निघते. ज्याचा शेवटचा हंगाम 2023 ला होता त्याला तो मिळालाच नाही. त्याला दुसऱ्या पथकात जावं लागलं किंवा न वाजवताच वय संपलं. त्याचं दुःख रॉयर यांच्या निधनाच्या दुःखाहून लहान मानायचं कारण मला दिसत नाही.

2024 मध्ये पथक परत आलं. मधल्या काळात संस्थेला हिशोब, देणग्या, कर्मचारी, सगळं पुन्हा तपासावं लागलं. आणि इथे मला रॉयर यांचं न दिसणारं काम पुन्हा आठवतं. पंचवीस वर्षं दर उन्हाळ्यात बस निघाल्या, अन्न शिजलं, शिक्षकांना पैसे मिळाले, मुलं ऑगस्टमध्ये सुखरूप घरी पोचली. पथकाच्या गाण्यात याचा उल्लेख नाही. ज्या मुलांनी 2023 चा रिकामा उन्हाळा पाहिला त्यांना मात्र आता नक्की कळलं असेल की संचालक म्हणजे काय आणि पथक दरवर्षी निघतं हे किती अवघड आहे. त्यांना रॉयर यांच्याबद्दल सांगायचं असेल तर मी पाच विजेतेपदांपासून सुरुवात करणार नाही. 1985 ते 1988 या चार दुसऱ्या क्रमांकांपासून करेन, आणि प्रत्येक वर्षी नव्याने उभ्या केलेल्या पुढच्या हंगामापासून.